कब्बाला शिकायची तर सुरुवात कुठून? नवख्यांचे नेहमीचे प्रश्न

कब्बाला म्हणजे ज्यू धर्मातली गूढविद्या, देव आणि माणूस यांच्या नात्याचा अभ्यास. सगळ्यात जास्त येणारा प्रश्न आधी घेते, धर्म बदलावा लागतो का? नाही लागत. ज्यू लोकांत दुसऱ्याला आपल्यात ओढायची पद्धतच नाही, कुणी स्वतःहून गेलं तरी रब्बी म्हणजे त्यांचे धर्मगुरू आधी त्याला परत पाठवायलाच बघतात, त्यामुळे तुमचं देवघर, तुमचा गुरुवार, तुमची एकादशी सगळं जिथल्या तिथे राहतं आणि तुम्ही पुस्तक उघडून खुशाल वाचू शकता. पण एक गोष्ट स्वच्छ सांगून टाकते, यूट्यूबवाले ती सहसा सांगत नाहीत. परंपरा पाळणाऱ्या ज्यू माणसासाठी कब्बाला ही वेगळी काढून घ्यायची विद्या नाहीये, तोरा म्हणजे मोशेचे पाच ग्रंथ, त्यातल्या आज्ञा, शब्बाथ म्हणजे शनिवारचा विश्रांतीचा दिवस, हे सगळं आधी आणि मग त्याच्या पोटातला भाग म्हणून कब्बाला, आणि मूर्तिपूजा तर त्यांना अजिबात चालत नाही. म्हणजे तिथे आपण बाहेरचे. बाहेरच्याने वाचावं तसं वाचायचं, चार व्हिडिओ बघून स्वतःला कब्बालिस्ट म्हणवून घ्यायचं नाही.

दुसरा प्रश्न इंदुरात हमखास येतो आणि तो हिंदीतच येतो, "भिया, ये टोना-टोटका तो नहीं है?" यात विचारणाऱ्याची चूक नाही हो, कारण 'कब्बाला' या एकाच पाटीखाली तीन वेगवेगळी दुकानं चालतात. एक म्हणजे ज्यू परंपरेतला जुना ग्रंथांचा अभ्यास. दुसरं, त्यातूनच निघालेला येहूदा अश्लाग यांचा विचार, ज्यात सगळा भर माणसाच्या स्वार्थावर आणि तो कसा वळवायचा यावर आहे. आणि तिसरं म्हणजे टॅरो, अंकशास्त्र, लाल दोरा वगैरे. टॅरोचे पत्ते पंधराव्या शतकात इटलीत चक्क खेळायचे पत्ते म्हणून आले, त्यांची हिब्रू अक्षरांशी सांगड एकोणिसाव्या शतकात एलिफास लेव्ही नावाच्या फ्रेंच माणसाने लोकप्रिय केली, मग १८८८ मध्ये लंडनला गोल्डन डॉन नावाची गूढविद्येची मंडळी जमली आणि त्यांनी ते आणखी वाढवलं. वाचायला मजा येते, पण सृष्टिकर्ता कोण आणि माझा स्वार्थ कसा सुटेल हे प्रश्न घेऊन आला असाल तर ते दुकान तुमचं नाही. मी इथे मुख्यतः दुसऱ्याबद्दल बोलणार आहे, लागेल तिथे पहिल्याचा आधार घेऊन.

इतिहास किती माहीत पाहिजे?

थोडाच, पण तेवढा पाहिजेच, नाहीतर कुणीही काहीही सांगतं की हे पाच हजार वर्षांपूर्वीचं आहे आणि आपण माना डोलावतो. मुख्य ग्रंथ झोहर. परंपरा म्हणते की तो दुसऱ्या शतकातल्या रब्बी शिमोन बार योखाय यांचा. अभ्यासक, त्यात गेर्शोम शोलेम हे मोठं नाव, म्हणतात की तो तेराव्या शतकाच्या शेवटी स्पेनमध्ये मोशे दे लेओन यांच्या हातून लिहिला गेला, निदान बराचसा. म्हणजे इकडे नेवाशाला ज्ञानेश्वर गीता मराठीत सांगत होते साधारण तोच काळ. दोन्ही मतं मनात ठेवून वाचा, काही बिघडत नाही.

पुढे १४९२ मध्ये स्पेनमधून ज्यूंना हाकललं, ती माणसं विखुरली, त्यातली बरीच सफेद नावाच्या डोंगरावरच्या गावात जमली, ते आज इस्रायलच्या उत्तरेला आहे. तिथे मोशे कोर्दोव्हेरो होते आणि त्यांच्यानंतर इसहाक लुरिया, ज्यांना 'आरी' म्हणतात. लुरिया १५७० मध्ये सफेदला आले आणि १५७२ मध्ये गेलेसुद्धा, वय फक्त ३८. स्वतः जवळपास काही लिहिलंच नाही, जे आहे ते शिष्य हाईम विताल यांनी लिहून ठेवलं म्हणून आहे. आणि मग एकदम विसाव्या शतकात अश्लाग, जन्म वॉर्साचा १८८५ चा, १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला जेरुसलेमला आले, झोहर अरामी भाषेतला म्हणून त्यांनी त्याचं हिब्रूत भाषांतर आणि त्यावर 'सुलाम' नावाची टीका म्हणजे भाष्य लिहिलं, सुलाम म्हणजे शिडी, त्यावरून लोक त्यांना बाल हासुलाम म्हणतात. १९५४ मध्ये वारले. एवढं पुरे.

वयाचं विचारतात, चाळीशीच्या आत वाचू नये म्हणे? त्याचं कारण आहे. सतराव्या शतकात शब्बताय त्सवी नावाच्या माणसाला लोकांनी मसीहा म्हणजे देवाने पाठवलेला तारणहार मानलं, युरोप-आशियातले ज्यू घरदार विकायला निघाले, आणि १६६६ मध्ये तुर्की सुलतानासमोर उभं केल्यावर तो मुसलमान झाला. लोकांचं जे व्हायचं ते झालं. नंतर याकोब फ्रँकचा पंथ निघाला, तो आणखीच विचित्र, तेव्हा १७५६ मध्ये ब्रॉडीच्या (हे गाव आज युक्रेनमध्ये आहे) रब्बींनी नियम केला, झोहर तिशीनंतर आणि लुरियांचं लिखाण चाळिशीनंतर. म्हणजे हा धसका घेऊन केलेला नियम आहे. आणि गंमत बघा, ज्यांचं लिखाण चाळिशीनंतर वाचायचं ते लुरिया स्वतः चाळिशीपर्यंत पोचलेच नाहीत. अश्लाग तर उघड म्हणायचे की आता सगळ्यांना शिकवा. तरी वीस-बावीसच्या पोरांना, विशेषतः भंवरकुआँकडे कोचिंगसाठी खोल्या घेऊन राहणाऱ्यांना, माझं सांगणं हेच की आधी परीक्षा देऊन टाका, हे कुठे पळून जात नाही.

सृष्टिकर्ता म्हणजे नक्की कोण?

इथे आपली मंडळी फार घाई करतात. पहिल्याच बैठकीत कुणीतरी म्हणतं, अहो हे तर आपलं निर्गुण ब्रह्म, झालं, सुटलं! मग पुढे कुणी काही वाचतच नाही. साम्य आहे, मी नाही म्हणत नाही, पण थोडं थांबा.

कब्बालेत त्याला 'एन सोफ' म्हणतात, अंत नसलेला, आणि त्याच्याबद्दल काहीही बोलता येत नाही, चांगला म्हणता येत नाही, मोठा म्हणता येत नाही, विचारसुद्धा तिथे पोचत नाही. जे कळतं ते त्याच्याकडून जे येतं तेवढंच. ते दहा सेफिरोतमधून येतं, म्हणजे ज्या दहा रूपांतून त्याचं देणं आपल्यापर्यंत पोचतं त्यांतून, केतेर, होखमा, बिना, हेसेद, गेवुरा, तिफेरेत, नेत्साख, होद, येसोद, मालखुत. हे दहा देव नव्हेत, यांची पूजा नाही, प्रार्थना यांना करत नाहीत, यांची चित्रं देवघरात लावायची नाहीत (हो, विचारलंय एका काकूंनी).

अश्लाग यांनी हे सगळं एका वाक्यावर आणून ठेवलं, सृष्टी करण्यामागे त्याचा हेतू एकच, आपण निर्माण केलेल्याला आनंद द्यावा. आता द्यायचं तर घेणारा पाहिजे. म्हणून त्याने घेण्याची इच्छा निर्माण केली, आणि ती इच्छा म्हणजेच आपण. अद्वैताच्या सवयीने वाचणारा नेमका इथे अडखळतो, कारण इथे देणारा आणि घेणारा हे दोघं आहेत आणि शेवटपर्यंत दोघंच राहतात, जवळीक होते ती स्वभाव सारखा झाल्यामुळे. घेणारा देणाऱ्यासारखा झाला की तो त्याला चिकटला, त्याला ते 'दवेकूत' म्हणतात. आपल्याकडच्या भक्तिमार्गातल्या माणसाला हे जास्त लवकर पचतं, वेदान्ताचे क्लास केलेल्याला उशिरा, असा माझा अनुभव.

लुरियांचं ते प्रकाशाने स्वतःला आवरून जागा केली, भांडी फुटली, ठिणग्या विखुरल्या, त्या गोळा करायच्या, ते आत्ता सोडून द्या. सुरुवातीला नुसती नावं पाठ होतात आणि माणूस तेवढ्यावरच खूश होतो.

मग स्वार्थ मारायचा का?

नाही, आणि सगळा अभ्यास इथेच आहे. इथे ज्याला स्वार्थ म्हणतात तो म्हणजे ताठा किंवा मीपणा एवढाच नाही, अगदी साधा, गरीब, खाली मान घालून चालणारा माणूससुद्धा यात येतो. स्वतःसाठी घ्यायचं, बस, एवढंच. आणि घेण्याची इच्छा तर त्यानेच दिलेली, ती मारली तर मागे उरेल कोण? उपास करून, मौन धरून, संन्यास घेऊन ती संपत नाही असं अश्लाग यांचं म्हणणं. तिचा हेतू फक्त बदलायचा असतो.

यासाठी त्यांनी पाहुणा आणि यजमानाची गोष्ट सांगितली आहे आणि ती मराठी माणसाला समजावून सांगावीच लागत नाही. पंगत आठवा. बुफेवालं लग्न नको, मुंजीची नाहीतर गणपतीतल्या महाप्रसादाची पंगत, खाली बसून. यजमान जिलबीचं भगुणं घेऊन येतो, तुम्ही पानावर आडवा हात धरता, बास बास, झालं. का धरता? पोट भरलंय म्हणून? जिलबी तर हवीच आहे, नजर भगुण्यातच आहे. पण फुकटचं घ्यायला एक लाज वाटते, उपकार अंगावर येतात. या लाजेला कब्बालेत नावच आहे, लाजेची भाकर. यजमान म्हणतो, एक तरी घ्या, माझ्यासाठी. तुम्ही परत नाही म्हणता. तो परत म्हणतो, पाकाने चिकट झालेल्या बोटांनी तुमचा हात हळूच बाजूला करतो, आणि आता त्याच्या तोंडाकडे बघून तुम्हाला कळतं की आपण खाल्लं नाही तर याला खरंच वाईट वाटणार आहे. मग तुम्ही हात काढता. जिलबी तीच, तोंड तेच, गोडी तीच, पण आता खाणं हे देणं झालं, यजमान तुमच्याकडून आनंद घेऊन पुढच्या पानाकडे गेला.

आडवा धरलेला तो हात फार महत्त्वाचा, त्याला ते 'मासाख' म्हणजे पडदा म्हणतात. आधी थांबायचं, मग देणाऱ्याकडे बघायचं, मग त्याच्यासाठी घ्यायचं. थांबल्याशिवाय पुढचं काही होत नाही.

या गोष्टीचं मूळ ताल्मुदात, म्हणजे ज्यूंच्या जुन्या धर्मचर्चांच्या ग्रंथात आहे. चांगला पाहुणा म्हणतो, यजमानाने किती खस्ता खाल्ल्या आणि सगळं माझ्यासाठी. वाईट पाहुणा म्हणतो, त्याने असं केलं काय, मी एक भाकर खाल्ली, एक तुकडा खाल्ला, एक पेला घेतला, जे केलं ते स्वतःच्या बायकापोरांसाठीच केलं. दोन हजार वर्षांपूर्वीही लग्नाहून परतताना लोक हेच बोलत होते तर!

यावरून अश्लाग चार पायऱ्या पाडतात. घेण्यासाठी घेणं, घेण्यासाठी देणं, देण्यासाठी देणं आणि देण्यासाठी घेणं. पहिली तर लहान मूलसुद्धा करतं. शेवटच्या दोनांचं आपण एवढ्यात बोलूया नको. आपण जवळपास सगळे राहतो ते दुसऱ्या पायरीवर, देतो पण काहीतरी परत यावं म्हणून. कुठल्याही जुन्या देवळात मान वर करून पंख्याकडे बघा, पात्यावर लिहिलेलं असतं, कै. अमुक यांच्या स्मरणार्थ, आणि पंखा फिरतो तेव्हा ते वाचता येत नाही म्हणून काही जण मधल्या वाटीवरही नाव घालून घेतात. हसू नका, आपणही व्हॉट्सॲपवर रक्तदानाचा फोटो टाकतोच. आणि नवख्याने यावर खजील होऊन सोडून द्यावं असंही नाही, ताल्मुदच सांगतो की आधी चुकीच्या हेतूने का होईना करत राहावं, त्यातूनच खऱ्या हेतूने करणं येतं. फक्त आपण कुठल्या पायरीवर आहोत हे आपल्याला माहीत असावं.

बरं, पण रोज करायचं काय?

दिवसातलं एकच काम निवडा. दहा नको, एक, आणि ते असं निवडा जे तुम्ही आधीपासून कुणासाठी तरी करताच. सासऱ्यांना सकाळचे पोहे देणं, ऑफिसात नव्या मुलाला सॉफ्टवेअर समजावणं, शेजारच्या आजींचं औषध आणणं, काहीही. नवीन समाजसेवा सुरू करू नका, त्यात उत्साह फार असतो आणि उत्साहात काही दिसत नाही. काम करायच्या आधी क्षणभर थांबून स्वतःला विचारा, हे कुणासाठी? उत्तर बहुतेक वेळा ओशाळवाणं येईल, पोह्यांवर शेव जास्त घातली कारण सासऱ्यांनी नणंदेसमोर कौतुक करावं. येऊ दे. रात्री वहीत दोन ओळी लिहा, मार्क देऊ नका, चांगला-वाईट शेरा नको, फक्त काय मागत होतो ते लिहा. 'मला थँक्यू हवं होतं.' 'मला तो चुकीचा ठरायला हवा होता.' असं.

काही आठवडे झाले की एखादी गोष्ट अशी करा जी कुणालाच कळणार नाही. बघा किती जड जातं ते, बायकोला नाहीतर नवऱ्याला सांगितल्याशिवाय राहवत नाही. मायमोनिदेस, जे कब्बालिस्ट नव्हते, बाराव्या शतकातले तत्त्वज्ञ आणि वैद्य, त्यांनी दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्यात, त्यात देणाऱ्याला घेणारा माहीत नाही आणि घेणाऱ्याला देणारा माहीत नाही ही वरून दुसरी. आणि सगळ्यात वरची कुठली? समोरच्याला काम द्यायचं, उधार द्यायचं, भागीदारीत घ्यायचं, म्हणजे त्याला परत हात पसरावा लागू नये.

एकट्याने हे फार पुढे जात नाही. अश्लाग यांचे चिरंजीव बारुख अश्लाग यांनी १९८० च्या दशकात छोट्या गटांसाठी लेखच लिहिले, त्यात मुख्य मुद्दा असा की स्वतःचा स्वार्थ आपल्याला एकांतात दिसत नाही, तो चार जणांत बसलं की दिसतो. तेव्हा दोन-चार जण शोधा, आठवड्यातून एकदा कुणाच्या तरी घरी बसा, थोडं वाचा, थोडं बोला. नियम दोनच ठेवा. दुसऱ्याच्या वहीवर मत द्यायचं नाही, आणि समोरचा आपल्यापेक्षा पुढे आहे असं धरून ऐकायचं. दुसरा नियम पाळता येत नाही, पाळायला गेलं की आतून काय काय वर येतं तेच बघायचं असतं. आणि चहा-पोहे साधे ठेवा, नाहीतर बैठक कुणाकडे जास्त चांगली झाली यावरच गाडी जाते, इंदूर आहे हे.

घरच्यांवर प्रयोग करू नका. 'तू हे स्वतःसाठी करतोयस' हे वाक्य दुसऱ्याला म्हणायचं नाही, कधीच. हा चष्मा फक्त स्वतःला लावायचा.

सगळ्यांना हो म्हणायचं का मग?

अजिबात नाही. मेहुणा परत उधार मागतोय, आधीचं दिलेलं नाही, आणि तुम्ही म्हणताय की मी तर देणारी व्हायला निघाले, कशी नाही म्हणू? सेफिरोतमध्ये हेसेद म्हणजे भरभरून देणं आहे तसं समोर गेवुरा आहे, आवरून धरणं, हद्द घालणं, आणि दोन्हींचा मेळ तिफेरेतमध्ये बसतो. नुसतं हेसेद कुठेच पुरेसं धरलेलं नाही. कितीतरी वेळा आपण हो म्हणतो ते वाईटपणा नको म्हणून, म्हणजे परत स्वतःसाठीच. ऑफिसात, सासरी, सोसायटीत कुणी दाबत असेल तर कब्बालेचं नाव घेऊन सहन करू नका, विशेषतः बायकांना हे सांगते, आपल्याला दे दे दे हे आधीच शिकवलेलं असतं.

वाचायचं काय?

झोहर उघडू नका. इंग्रजीत त्याचं मोठं बारा खंडांचं भाषांतर आहे, पहिले दोन दिसायलाच इतके सुंदर की घ्यावेसे वाटतात, पण झोहर मुळात तोरावरची टीका आहे आणि मूळच वाचलेलं नसेल तर टीका कशावर चाललीय तेच कळणार नाही. म्हणून मराठी बायबल घ्या, त्यातलं उत्पत्ती आणि निर्गम आधी वाचा, गोष्टीच आहेत, सरळ जातात. मग लेवीयचा एकोणिसावा अध्याय, त्यात अठरावं वचन, शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर. रब्बी अकिवा यांनी याला तोराचं मोठं सूत्र म्हटलं आणि अश्लाग यांचा सगळा डोलारा त्यावर उभा आहे. त्यानंतर अश्लाग यांचे छोटे लेख, ते बहुतेक इंग्रजीतूनच वाचावे लागतील, एका बैठकीत एक पान, जास्त नको.

पैसे? वही-पेनाचे. लाल दोरा बेथलेहेमजवळच्या राहेलच्या कबरीभोवती गुंडाळून आणायची रीत आहे, ज्याला श्रद्धा आहे त्याने बांधावा, पण दोऱ्याने स्वार्थ सुटत नाही, आणि मंतरलेलं पाणी, नावाची अक्षरं बदलून नशीब बदलणं, 'ॲडव्हान्स लेव्हल'ची फी, असं काही आलं की चप्पल घालून निघा. झोप उडाली, आकडे-अक्षरं डोक्यात फिरायला लागली, सगळीकडे खुणा दिसायला लागल्या तरीही थांबा, घरच्यांना सांगा, डॉक्टरकडे जा. ताल्मुदात चौघांची गोष्ट आहे, चौघे पर्देसमध्ये म्हणजे गूढविद्येच्या बागेत शिरले, एक मेला, एकाचं डोकं फिरलं, एकाने धर्म सोडला, धडधाकट परत आले ते एकटे अकिवा.

आणि किती दिवसांत फरक पडतो, हा शेवटचा नेहमीचा. उलटा फरक पडतो. आधी वाटायचं आपण बरे आहोत, वही भरायला लागली की वाटतं आपल्याइतकं मतलबी कुणी नाही. अश्लाग यांच्या मांडणीत हीच पहिली खरी पायरी, वाइटाची ओळख. तेव्हा असं वाटायला लागलं तर घाबरून सोडू नका. मात्र महिनाभरातच आपण नणंदेपेक्षा निर्मळ झालो असं वाटायला लागलं तर वही परत पहिल्या पानापासून वाचा.

पुस्तकाबाहेर हे लोक कसे राहतात ते बघावंसं वाटलं तर आपल्याच भाषेतले ज्यू आहेत, कोकणातले बेने इस्रायल, शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून शनिवार तेली म्हणायचे त्यांना. त्यांच्याकडे कब्बालेची शिकवणी मागायला जाऊ नका, त्यांचा रोजचा धर्म बघायला जा. पुण्याचं लाल देऊळ आहे (तेही सिनेगॉगच, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनाघर), मुंबईत जुनी सिनेगॉग आहेत, आणि इंदुराहून सोयीचं म्हणजे अहमदाबादचं खमासाचं मागेन अब्राहम, १९३४ चं. आधी विचारून, परवानगी घेऊनच जा, ओळखपत्र जवळ ठेवा, पुरुषांनी डोकं झाकायला रुमाल न्यावा, आणि शनिवारी गेलात तर फोन बंद करून पर्समध्ये, त्या दिवशी तिथे फोटो काढायचे नाहीत.